मिरजेतली बॉक्सस्टर आणि गवंड्याची लेव्हल पाइप

“ग्राउंड क्लिअरन्स किती?” आपल्याकडे गाडी घेताना ॲव्हरेजच्या खालोखाल हाच प्रश्न येतो. उत्तरही तोंडावर तयार असतं: १६५, १७०, १८०. पुढचं मात्र कुणी विचारत नाही. कुठून कुठपर्यंत मोजलं? गाडी रिकामी होती का पाच माणसं बसली होती? टायर नवे होते का टक्कल पडलेले? मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला इन्स्पेक्शन बघतो. ड्रॉइंगवर माप आहे आणि डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं तो आधार, नाही, असं दिसलं की आम्ही ते ड्रॉइंग पार्टीकडं परत पाठवतो. गाड्यांच्या बाबतीत मात्र सगळं जग डेटमशिवाय भांडत बसतं, आणि त्यात स्पोर्ट्स कारवाले सगळ्यांच्या पुढं.

मिरजेतल्या आमच्या डॉक्टरांनी पुण्याहून सेकंडहँड पोर्शे बॉक्सस्टर आणली. ९८७, म्हणजे दुसऱ्या पिढीची. मोठ्या भावाचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं, तेव्हापासून घरोबा. गाडी आली तेव्हा पेढे द्यायला आले आणि जाताना म्हणाले, “अहो, पुढं उजवीकडं बसलीय ती जरा. तुम्ही मापाची माणसं. एकदा बघा की.” पुण्याच्या विकणाऱ्यानं सांगितलेलं, “साहेब, स्पोर्ट्स कार आहे, कंपनीतूनच खाली असते.” अलाइनमेंटवाल्यानं खालून बॅटरी मारून सांगितलं, “स्प्रिंगा कापल्यात.” दोघांच्याही हातात टेप नव्हती.

तर प्रश्न साधा होता: कंपनीतून निघताना ही गाडी किती उंच असायला हवी आणि आज किती आहे? रविवारी गाठू आणि अर्ध्या तासात सांगू, असं मी म्हटलं खरं.

गाडीची उंची तीन जागी राहते आणि तिन्हींचं एकमेकींशी फारसं पटत नाही. रस्त्याला कळते ती पोटाखालची जागा, म्हणजे सगळ्यांत खाली लोंबणाऱ्या भागापासून जमिनीपर्यंतचं अंतर. माहितीपत्रकात छापतात ती हीच. तो भाग कधी सायलेन्सर असतो, कधी चेंबर, कधी प्लॅस्टिकचं आवरण. डोळ्याला कळते ती टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट. फोटो बघून “मस्त बसलीय” म्हणतात ते या फटीला. आणि सस्पेन्शनला कळते ती चाकाच्या मधापासून चासीवरच्या ठरलेल्या बिंदूपर्यंतची उंची. चाकाला चासीशी जोडणारे आर्म कुठल्या कोनात आहेत, चाक वर गेलं की टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं, किती बदलणार, शॉकअपला खाली जायला किती जागा उरली, हे सगळं या तिसऱ्या मापावर ठरतं. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये म्हणूनच बहुतेक वेळा तिसरं माप असतं. आपण मोजतो पहिलं आणि भांडतो दुसऱ्यावरून.

मॅन्युअलं चाळताना प्रत्येक कंपनीचा स्वभाव दिसतो. माझदा, म्हणजे एमएक्स-५ वाले, सरळमार्गी: चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, संपलं. यात टायर येतच नाही. हवा कमी असो, टायर झिजलेले असोत, माप तेच. बीएमडब्ल्यू चाकाच्या मधाऐवजी रिमच्या खालच्या कडेपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजते. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण टेपच्या टोकाचा हुक रिमच्या कडेला नीट अडकतो आणि हबच्या टोपीच्या मधावर कधीच अडकत नाही. गॅरेजमधल्या पोरानं मोजायचंय हे ध्यानात ठेवून कुणीतरी ते ठरवलेलं असणार. पण त्याच बीएमडब्ल्यूनं थ्री सिरीजसारख्या गाड्यांना मोजण्याआधी पुढच्या दोन्ही सीटवर ६८-६८ किलो, मागच्या सीटच्या मधोमध ६८ किलो, डिकीत २१ किलो आणि टाकी फुल, असा फर्मास बेत सांगितलाय. लोटस त्यांच्या एलिसला दोन माणसं आणि अर्धी टाकी धरते. पोर्शे उलट म्हणते, टाकी फुल, टूल्स जागेवर, माणूस नको.

आता सांगा, एका मित्राची बीएमडब्ल्यू आणि दुसऱ्याची पोर्शे, दोघांनी आपापल्या मॅन्युअलमधले आकडे शेजारी ठेवले तर कशाची तुलना कशाशी होणार?

पोर्शेचं वेगळंच. जुन्या ९११ ला, टॉर्शन बारवाल्या, १९८९ पर्यंतच्या, पुढं स्प्रिंग नसून पिळणारी सळई असायची. तिथं जमिनीपासून चाकाच्या मधाची उंची घ्यायची, जमिनीपासून टॉर्शन बारच्या मधाची उंची घ्यायची आणि पहिल्यातून दुसरी वजा करायची. पुढं उत्तर १०८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. वजाबाकीत जमीन उडून जाते, टायर उडून जातो, उरतं ते निव्वळ सस्पेन्शन. मला हे इतकं आवडलं की शॉपमध्ये पोरांना डेटम शिकवताना आता हेच उदाहरण देतो. नंतरच्या ९९६, म्हणजे ९११ च्याच पुढच्या एका पिढीत, आणि बॉक्सस्टरच्या पिढ्यांत मात्र ते जमिनीवर आले. पुढं आर्म बॉडीला जिथं धरलाय त्या बोल्टच्या डोक्याची खालची कड, मागं दोन आर्मच्या मधलं एक लोकेटिंग भोक, दोन्ही थेट जमिनीपासून. म्हणजे टायर पुन्हा हिशेबात आला.

आणि टायर साधासुधा हिशेब नाही. बेसिक ९८७ ला कंपनीनं पुढं २०५/५५ आर १७ दिलेत (रुंदी मिलिमीटरात, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात, रिम इंचात), मागं २३५/५० आर १७. १८ इंची घेतली तर पुढं २३५/४०, मागं २६५/४०. कागदावर व्यास काढा. पुढं १७ इंचीचा साधारण ६५७ मिलिमीटर, १८ इंचीचा ६४५. मागं ६६७ आणि ६६९. म्हणजे स्प्रिंगला कुणी हात न लावता, कंपनीच्याच दोन चाकांच्या अदलाबदलीत गाडीचं नाक ६ मिलिमीटर खाली जातं आणि शेपूट एक मिलिमीटर वर येतं. वर झीज आहेच. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते, कायद्यानं १.६ पर्यंत चालते. तेवढ्यात गाडी आणखी ६ मिलिमीटर जमिनीजवळ येते, आणि मालक म्हणतो स्प्रिंगा बसल्या.

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमीजास्त सूट, वाचून मी हसलो. आमच्याकडं बोअरला, म्हणजे भोकाच्या व्यासाला, दहा मायक्रॉन जास्त झाले तर माणसं रडकुंडीला येतात. इथं जर्मनीतल्या इंजिनिअरांनी दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर सूट देऊन ठेवलीय! मायक्रॉन नव्हे, मिलिमीटर. पण विचार केला की पटतं. स्प्रिंगची लांबी आणि ताकद थोडी इकडं-तिकडं, रबरी बुश कसे घट्ट केले, गाडीत कुठली ऑप्शनं बसवली, हे सगळं त्यात मावायला हवं. गाडी हे काही पिन आणि बोअरचं फिट नाही. ज्याची गाडी डावी-उजवीकडं तीन मिलिमीटर कमीजास्त आहे आणि झोप येत नाही, त्यानं हा आकडा उशाशी ठेवावा.

तर रविवारी डॉक्टरांच्या हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये. फरशी शहाबादी, वीसेक वर्षांची, पाणी जायला गटाराकडं उतार दिलेली. मी गाडी लावायच्या जागेवर चार चाकांच्या खुणा केल्या आणि डॉक्टरांकडं काम करणाऱ्या गवंडीमामांना लेव्हल पाइप घेऊन बोलावलं. लेझर लेव्हल असते, मला माहितीय. पण दुपारच्या उन्हात तिची लाल रेघ शोधत बसण्यापेक्षा पारदर्शक नळीतलं पाणी बरं. बुडबुडे तेवढे काढून घ्यायचे.

मामा म्हणाले, “उतार हाय की ओ, दिसतोयच. त्यात मोजायचं काय?”

उताराचं मला काही वाटत नव्हतं. सबंध फरशी एकसारखी एका बाजूला झुकलेली असेल आणि झुकाव थोडा असेल, तर गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. दीड मीटरला सेंटीमीटरभर उतार म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी. वजन एका बाजूला सरकतं ते नगण्य. घात करतो तो पीळ. चार चाकांखालचे चार बिंदू एका पातळीत नसतील तर गाडी डुगडुगणाऱ्या पाटासारखी कोपऱ्यांवर बसते, फक्त स्प्रिंगा असल्यामुळं डुगडुगत नाही, निमूटपणे वाकडी उभी राहते. आम्हाला पुढच्या दोन खुणांत १४ मिलिमीटर फरक सापडला आणि मागच्या दोन खुणांत ५. म्हणजे फरशीला ९ मिलिमीटरचा पीळ. तो चार कोपऱ्यांवर वाटला जातो: एका तिरक्या जोडीच्या स्प्रिंगा थोड्या दबतात, दुसऱ्या जोडीच्या तेवढ्याच सुटतात. पुढच्या दोन चाकांत चारेक मिलिमीटरचा खोटा फरक इथंच तयार झाला. बोर्ड रंगवणाऱ्याकडून एसीपी शीटचे, म्हणजे बोर्डाच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, तुकडे आणले होते, ३ मिलिमीटरचे. ते एकावर एक रचून पीळ काढला. उतार तसाच ठेवला.

गाडी वर घेतली आणि सगळ्यात जास्त वेळ जे खातं ते सुरू झालं: गाडीला बसवणं. जॅकवरून उतरवलेली गाडी ताबडतोब मोजायची नाही, हे सगळे सांगतात. का, ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. चाक हवेत लोंबतं तेव्हा ते थोडं आत झुकतं. गाडी खाली आली की त्याला बाहेर सरकायचं असतं, पण टायर फरशीला घट्ट धरून बसतो. मग गाडी अर्धवट उंचीवर अडकते. शिवाय बुश आणि शॉकअपचं सील यांचं घर्षण. उपाय दोन. एक, चाकाखाली सरकती जागा. साखरेच्या पोत्याच्या आतलं जाड प्लॅस्टिक कापलं, दोन थरांमध्ये ग्रीस फासलं, झाली स्लिप प्लेट. सांगली जिल्ह्यात साखरेच्या पोत्यांना काय तोटा! दुसरा उपाय गाडी पुढं-मागं ढकलून घेण्याचा.

तरीही एक गोष्ट राहते, आणि ती मला जनरल मोटर्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडली. ते म्हणतात: गाडीचा पुढचा भाग हातानं ३८ मिलिमीटर वर उचला, हळूच सोडा, गाडी बसू द्या. असं आणखी दोनदा करा आणि मोजा. मग तेवढीच खाली दाबा, हळूच सोडा, वर येऊ द्या. हेही आणखी दोनदा करा आणि परत मोजा. खरी उंची म्हणजे या दोन मापांची सरासरी. वाचून मी खुर्चीतून उठलोच. आमच्याकडं डायल गेज वरून आणि खालून आणून दोन रीडिंग घेतात, तीच ही गोष्ट. घर्षण असलेली कुठलीही वस्तू कुठून आली यावर कुठं थांबणार हे ठरतं. याच कंपनीच्या कॉर्व्हेटला १९८४ पासून २०१९ पर्यंत पुढं-मागं आडवा फायबरचा पाटा होता. हो, पाटाच, आपल्या ट्रकला असतो त्याचा पुतण्या, फक्त आडवा आणि लोखंडाचा नसलेला. पाटा म्हणजे जुनाट, असं म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा.

डॉक्टरांनी एका बाजूचं मडगार्ड धरलं, मी दुसऱ्या. बंपर प्लॅस्टिकचा, त्याला हात लावायचा नाही. उचलून सोडल्यावरचं आणि दाबून सोडल्यावरचं, या दोन मापांत ५ मिलिमीटर फरक आला. त्याच जागी, त्याच फरशीवर, त्याच मिनिटाला! दोन माणसांनी एकाच गाडीचं माप घेऊन “तुझं चुकलं” म्हणून वाद घालायला एवढं पुरे आहे.

मापाच्या हत्याराबद्दल थोडं. टेपच्या टोकाचा हुक हलतो म्हणून लोक हातोडीनं ठोकून घट्ट करतात. करू नका. तो मुद्दाम त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा सैल ठेवलेला असतो, म्हणजे अडकवून मोजलं काय किंवा टेकवून मोजलं काय, माप बरोबर येतं. मी मात्र टेप वापरलीच नाही. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, चाकाच्या मधावर खूण केली आणि स्टीलची पट्टी गुण्याला टेकवून वाचली. बोल्टचं माप खाली झोपून, हाइट गेजनं. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं ते बघून विचारलं, “काका, एमआरआय चाललाय का?”

टाकी आधी पाव होती. त्या स्थितीत एकदा मोजलं, मग मिरज रोडच्या पंपावर फुल करून आणली आणि परत मोजलं. बॉक्सस्टरची टाकी केबिनच्या पुढं, पुढच्या चाकांच्या जवळ असते. साठेक लिटरची टाकी भरली की चाळीसहून अधिक किलो पेट्रोल, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या चाकांवर. पुढं ४ मिलिमीटर खाली, मागं जेमतेम एक. म्हणजे “टाकी फुल” ही अट उगाच घातलेली नाही.

निकाल असा. फरशीवर तशीच उभी असताना पुढच्या मडगार्डच्या कडेत डाव्या-उजव्यात ११ मिलिमीटर फरक होता, उजवी खाली. डॉक्टरांचा डोळा बरोबर होता. पीळ काढून, गाडी बसवून, टाकी भरून मोजल्यावर तो ७ वर आला. आणि खालच्या बोल्टवर? फक्त २. बाकीचे ५ मिलिमीटर कुठं गेले ते बोनेट उघडल्यावर दिसलं. उजव्या मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडालेला, बोल्ट एकदा तरी खोलून परत बसवलेला, आणि हेडलाइटजवळची फट डावीकडच्यापेक्षा बारीक. कधीतरी उजवीकडं ठोकर बसली असणार, मडगार्ड काढून किंवा बदलून परत लावलं असणार, आणि लावणाऱ्यानं भोकांच्या ढिलाईत ते खाली सरकवून आवळलं. तर ११ पैकी ४ फरशीचे, ५ मडगार्डचे आणि गाडीचे २. कंपनीची सूट १० ची. सस्पेन्शन ठणठणीत.

स्प्रिंगाही कापलेल्या नव्हत्या. शेवटचा वेढा शाबूत होता आणि ओळखीसाठी कंपनी मारते ते रंगाचे पट्टेही जागेवर होते. पण गाडी साध्या बॉक्सस्टरपेक्षा खाली होती, हेही खरं. कन्सोलवर शॉकअपचं चित्र असलेलं बटण होतं, म्हणजे पीएएसएमवाली, बटणावर कडक-मऊ होणाऱ्या शॉकअपची गाडी. या पिढीत तो पर्याय घेतला की गाडी कंपनीतूनच १० मिलिमीटर खाली येते. पुण्याचा विकणारा खरं बोलला होता, फक्त का खरं आहे ते त्याला ठाऊक नसावं.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती ही, की “कंपनीची उंची” अशी एकच उंची नसतेच. ९९६ ला युरोपची एक, स्पोर्ट्स चासीची त्याहून कमी आणि अमेरिकेची त्याहून जास्त, अशा तीन ओळी आहेत. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्या उंच, ही पोर्शेची फार जुनी रीत. ब्रिटिश एमजीबीचं तर पार वाटोळं झालं. अमेरिकेच्या नव्या नियमांना हेडलाइट फारच खाली पडायला लागले. सगळं नाक नव्यानं करण्यापेक्षा कंपनीनं १९७४ च्या सुमाराला काळे रबरी बंपर लावताना गाडीच इंचभर उचलून टाकली. वळणावर ती झोलायला लागली. नंतरच्या मालकांनी अर्धं आयुष्य तो इंच परत खाली आणण्यात घालवलं. अशा गाडीची “ओरिजिनल” उंची कुठली? कागदानं बघाल तर वरची. मला विचाराल तर खालची.

इथपर्यंत आमचं आमच्यापुरतं चाललेलं होतं. पण विश्रामबागेतला माझा शाळेपासूनचा मित्र, बांधकामवाला, त्याच्याकडं बीएमडब्ल्यू झेड ४ आहे, घडीच्या पत्र्याच्या छपराची ई८९. त्याला कुणीतरी कळवलं. संध्याकाळी चहाला म्हणून हजर. गाडी बॉक्सस्टरच्या शेजारी लावली, दोन पावलं मागं गेला आणि म्हणाला, “माझी वर दिसतीय रे. स्प्रिंगा बदलतो. किती खाली घेऊ?”

त्याची फट खरंच मोठी दिसत होती. टायरच्या वर, मधोमध मोजली तर बॉक्सस्टरपेक्षा १२ मिलिमीटर जास्त. मग मी दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली पट्टी सरकवली, तर झेड ४ चं पोट जरा खालीच निघालं. त्याचा विश्वास बसेना. स्वतः पँट मळवून वाकला. फट किती दिसणार हे मडगार्डचा कट ठरवतो. डिझाइनरनं कमान मोठी काढली की फट मोठी दिसते. पोटाखाली काय लोंबतं त्याच्याशी तिचा संबंध नाही. दोन वेगळ्या गाड्यांची फट मोजून कोण खाली आहे ते ठरवणं, हे दोन माणसांच्या शर्टाची लांबी मोजून उंची ठरवण्याइतकंच शहाणपणाचं. त्याच गाडीची कालची आणि आजची फट मोजा, ते चालेल.

मी त्याला छप्पर उघडायला सांगितलं. पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जातं, म्हणजे तेवढं वजन गाडीच्या मधून मागं सरकतं. मागची कड ३ मिलिमीटर खाली आली, पुढची थोडी वर. छप्पर लावून आणि काढून त्याच गाडीच्या दोन उंच्या! तो इतका खूश झाला की चार-पाच वेळा उघड-बंद करून बघितलं. बॅटरी कमी असल्याचा संदेश आल्यावर थांबला.

पण “किती खाली घेऊ”चं उत्तर देण्याआधी मी त्याला स्पीड ब्रेकरचा हिशेब दाखवला, आणि हा सगळ्यांनीच एकदा करून बघावा असा आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत गोल स्पीड ब्रेकरचं माप दिलं होतं: १७ मीटर त्रिज्येची कमान, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. दहा सेंटीमीटर ऐकून स्पोर्ट्स कारवाल्याच्या पोटात गोळा येतो. पण रुंदी बघा. बॉक्सस्टरच्या दोन चाकांतलं अंतर २,४१५ मिलिमीटर. म्हणजे गाडी मधोमध असताना पुढची आणि मागची, दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात. चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर कमान किती येते? अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. २.४१५ चा वर्ग ५.८३, त्याला १३६ नं भागलं की ४३ मिलिमीटर. झेड ४ चं अंतर २,४९६, तिला ४६. लांबुळक्या निस्सान ३७०झेडला, २,५५० ला, ४८. पोटाखाली दहा-अकरा सेंटीमीटर असलेली कुठलीही गाडी यावरून चहा न सांडता जाईल. आडव्या आलेल्या कमानीचा चढ सुरुवातीला सव्वासहा अंशांचा, त्यामुळं नाकालाही त्रास नाही.

आता आपल्याकडचा. घरासमोर पोरं खेळतात म्हणून एका रात्रीत उरलेल्या डांबराचा ओतलेला ढीग. आमच्या वाटेवरचा एक मी मोजला, कुठला ते सांगत नाही: १६ सेंटीमीटर उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद. इथं पुढचं चाक उतरून गेल्यावर मागचं अजून यायचं असतं आणि मधला अख्खा १६ सेंटीमीटरचा उंचवटा पोटाखाली उभा. त्यात दोघं बसली की गाडी आणखी सेंटीमीटरभर खाली, आम्ही मोजलंय. लोक तिरकी गाडी घालतात. त्यानं नाक वाचतं, कारण बंपरचा कोपरा मागं वळलेला असतो, पण पोट वाचत नाही. नव्या ९११ ला नाक ४० मिलिमीटर वर उचलायचं बटण मिळतं. तेही नाकापुरतंच. म्हणजे नियमातला दहा सेंटीमीटरचा ब्रेकर निरुपद्रवी आणि नियमाबाहेरचा सोळाचा जीवघेणा. फरक सहा सेंटीमीटर उंचीचा कमी आणि तीन मीटर रुंदीचा जास्त.

बांधकामवाल्याला हे लगेच कळलं, धंदाच तो. स्प्रिंगांचा विषय त्यानं त्या दिवसापुरता सोडला. उलट उठून डॉक्टरांच्या गेटचा रॅम्प बघायला गेला. सहा इंच चढ आणि लांबी अडीच फूट. माथ्यावर गाडी अडकण्याची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मागचं चाक रॅम्पच्या पायथ्याशी असताना. तेव्हा माथा पोटात शंभरेक मिलिमीटर घुसतो, म्हणून रोज सकाळी खर्रकन आवाज यायचा. तोच रॅम्प सहा फूट केला तर आकडा पन्नासवर येतो. गवंडीमामा पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “मग आधीच सांगायचं की ओ. ही गाडी मोजायची भानगड कशाला?”

रॅम्प त्याच आठवड्यात झाला, कडाप्प्याची कड लावून. बोनेटखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक स्टिकर लावलाय: चार कोपऱ्यांची हबपासून कडेपर्यंतची मापं, दोन्ही बोल्टांची मापं, टायरचा साइज, हवा, टाकी फुल, माणूस नाही. उजव्या मडगार्डच्या मापापुढं कंसात “मडगार्ड ५ खाली” असं लिहिलंय, नाहीतर पुढचा अलाइनमेंटवाला परत स्प्रिंगा कापल्यात म्हणेल. मडगार्ड सरळ करायचं काम डॉक्टर दिवाळीनंतर काढणार आहेत.